‘विचारलं नाही’ आणि ‘नाही’ : रुग्णाच्या क्लासमधल्या नल स्ट्रिंगचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्याच हातून घडलं. रुग्णालय, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने लिहिले आहेत, चुकलेले निर्णयसुद्धा.

पार्श्वभूमी

नागपुरात धंतोली-रामदासपेठेकडे दवाखान्यांची दाटी आहे. तिथे येणारे रुग्ण फक्त शहरातले नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून येतात, तसेच सीमेपलीकडून बालाघाट, छिंदवाडा, बैतूलहूनही येतात. अशाच एका मध्यम आकाराच्या धर्मादाय रुग्णालयाचं नोंदणीचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं काम आमच्या सहा जणांच्या टीमकडे आलं.

जुनं सॉफ्टवेअर व्हीबी डॉट नेट या प्रोग्रामिंग भाषेत होतं आणि खिडकीवरच्या दोन संगणकांवर चालायचं. मागे एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस. ते एकट्या माणसाने लिहिलं होतं आणि तो माणूस आता संपर्कात नव्हता. आम्हाला ते सी-शार्प या भाषेत आणून ब्राउझरवर चालवायचं होतं. डेटाबेस तोच ठेवायचा, कारण जुन्या केस पेपरचे क्रमांक बदलले असते तर रेकॉर्ड रूमचं सगळं गणित मोडलं असतं.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी ‘रुग्ण’ नावाचा एक क्लास, म्हणजे रुग्णाच्या माहितीचा साचा, होता. त्यात २३ स्ट्रिंग प्रॉपर्टी, म्हणजे मजकुराचे रकाने, होत्या: नाव, मधलं नाव, आडनाव, पत्त्याच्या तीन ओळी, मोबाइल, आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा), ॲलर्जी, चालू औषधं, आधीचं ऑपरेशन वगैरे. सी-शार्पमध्ये स्ट्रिंग हा रेफरन्स प्रकार आहे, म्हणजे प्रॉपर्टीत मजकुराकडे नेणारा दुवा असतो. नवा ऑब्जेक्ट (त्या साच्यातली एक नोंद) केला आणि प्रॉपर्टीला काहीच दिलं नाही, तर तिच्यात रिकामी स्ट्रिंग नसते, नल असतो, म्हणजे किंमतच नसते. हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आम्हालाही माहीत होतं. पण त्या २३ जागांपैकी कुठे नल आला तर त्याचा अर्थ काय, हा प्रश्न काम सुरू करताना आमच्यापैकी कोणीही विचारला नाही.

अडचण

मे महिन्यातल्या एका सोमवारी नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिल्या दोन तासांत खिडकीवरून तीन फोन आले. ‘पर्ची निघून नाही राहिली, लाल पट्टी येते.’ लॉगमध्ये तो ओळखीचा संदेश होता : ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट.

पर्ची छापताना मधल्या नावाच्या आगेमागेचे स्पेस काढले जात होते. व्हीबीमध्ये त्यासाठी ट्रिम नावाचं फंक्शन होतं. त्याला नथिंग, म्हणजे व्हीबीमधला नल, दिलं तरी ते निमूटपणे रिकामी स्ट्रिंग परत करतं. सी-शार्पमध्ये आणताना ते नावावरच्याच ट्रिम मेथडमध्ये (त्या ऑब्जेक्टवरच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बदललं. नाव नल असेल तर मेथड कोणावर चालवणार? तिथेच प्रोग्राम पडत होता.

दुसरा फरक त्याहून फसवा होता. व्हीबी डॉट नेटमध्ये नथिंग आणि रिकामी स्ट्रिंग यांची बरोबरीच्या चिन्हाने तुलना केली तर उत्तर ‘खरं’ येतं. सी-शार्पमध्ये नल आणि रिकामी स्ट्रिंग समान नाहीत. हाताने उतरवलेल्या भागात आम्ही ‘रिकामं आहे का’ ही तपासणी जशीच्या तशी आणली होती. त्यामुळे नल असलेली प्रॉपर्टी ‘भरलेली’ ठरायची. क्रॅश नाही, लॉग नाही. फक्त पत्त्यात दोन स्वल्पविराम एकापुढे एक उभे राहायचे.

तिसरा परिणाम बुधवारी दिसला. बालाघाटहून आलेल्या एका आजींचे तीन दिवसांत तीन नोंदणी क्रमांक झाले. आधीची नोंद शोधणारी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला प्रोग्राम) नाव, मधलं नाव आणि आडनाव जुळवून पाहायची. आजींना मधलं नाव नव्हतं. एसक्यूएलमध्ये नलची नलशी तुलना केली तर उत्तर ‘खरं’ही नसतं, ‘खोटं’ही नसतं, ‘अज्ञात’ असतं, आणि वेअरमधून, म्हणजे ओळी निवडणाऱ्या अटीतून, अशी ओळ गळून जाते. म्हणून प्रत्येक वेळी आजी नव्या.

मग जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे का होत नव्हतं? त्यातल्या टेक्स्टबॉक्सची किंमत कधीच नथिंग नसायची, रिकामी स्ट्रिंग असायची. तीच डेटाबेसमध्ये जायची. आमचा फॉर्म एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कवर होता, आणि ते फॉर्ममधली रिकामी चौकट डिफॉल्टने नलमध्ये बदलून देतं. वापरणाऱ्याने काहीच वेगळं केलं नव्हतं. तीच रिकामी चौकट, तेच एंटर. मध्ये फ्रेमवर्कने अर्थ बदलला होता.

म्हणजे नल तीन दारांनी आत येत होता. एक दार फॉर्मचं. दुसरं जुन्या डेटाचं, कारण बाहेरगावच्या शिबिरांत भरलेल्या एक्सेलमधून आलेल्या नोंदींत खूप रकाने नल होते. तिसरं आमच्याच कोडचं : नवा ऑब्जेक्ट करायचा आणि हव्या तेवढ्याच प्रॉपर्टी भरायच्या.

समोर असलेले मार्ग

गुरुवारी दुपारी बसलो. चार मार्ग फळ्यावर आले.

पहिला, जिथे वापर तिथे तपासणी. सी-शार्पमध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब असं लिहिलं की समोरचा नल असल्यास मेथड चालत नाही; दोन प्रश्नचिन्हं लिहिली की नलऐवजी दुसरी किंमत देता येते. सोपं आहे, पण आम्ही मोजलं तर मधलं नाव एकटंच ३१ ठिकाणी वापरलं जात होतं. बत्तिसावी जागा उद्या कोणीतरी लिहिणार, आणि विसरणार.

दुसरा, प्रॉपर्टीच्या दारातच नल अडवायचा. सेटरमध्ये, म्हणजे प्रॉपर्टीत किंमत ठेवणाऱ्या कोडमध्ये, ‘नल आला तर रिकामी स्ट्रिंग ठेव’ असं लिहायचं आणि सुरुवातीची किंमतही रिकामी स्ट्रिंग द्यायची. मग आत कुठेही तपासणी नको.

तिसरा, सी-शार्प ८.० मध्ये, म्हणजे २०१९ साली, आलेली नलेबल रेफरन्सची सोय चालू करायची. त्यात साधी ‘स्ट्रिंग’ म्हणजे नल नसणारी आणि ‘स्ट्रिंग’पुढे प्रश्नचिन्ह म्हणजे नल असू शकणारी. चूक झाली तर कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासून रूपांतर करणारा प्रोग्राम) इशारा देतो. आम्ही जुना कोड आणताना ती बंद ठेवली होती, कारण चालू केल्याबरोबर इशाऱ्यांचा पूर आला होता.

चौथा मार्ग आधी जावावर काम केलेल्या सहकाऱ्याने सुचवला : जिथे किंमत नसण्याला अर्थ आहे तिथे साधी स्ट्रिंग वापरूच नये, त्यासाठी वेगळा छोटा प्रकार करावा. ती म्हणाली, ‘जावात नल स्ट्रिंग जोडली की कागदावर चक्क नल हा शब्द छापला जातो. निदान दिसतं तरी. इथे काहीच दिसत नाही, म्हणून जास्त भीती वाटते.’ तिचं म्हणणं मी ऐकलं आणि ‘पुढच्या टप्प्यात पाहू’ म्हणालो. टीमचा प्रमुख मी होतो, तेव्हा तो निर्णय माझा.

पहिला निर्णय

आम्ही दुसरा मार्ग निवडला. २३ च्या २३ प्रॉपर्टींना एकच सेटर. रांगेत उन्हातान्हात उभे असलेले लोक डोळ्यांपुढे होते आणि क्रॅश आजच थांबवायचा होता. दुपारी लिहिलं, संध्याकाळी तपासायला घेतलं.

तपासताना पहिलाच अडथळा आभा क्रमांकावर आला. हा १४ अंकी क्रमांक दोन रुग्णांचा एकच असू शकत नाही, म्हणून त्या कॉलमवर युनिक इंडेक्स होता, नल असलेल्या ओळी वगळून. सेटरने नलची रिकामी स्ट्रिंग केली आणि आभा क्रमांक नसलेला दुसरा रुग्ण टाकताक्षणी सेव्ह अडलं. डेटाबेसच्या दृष्टीने दोघांचा क्रमांक एकच होता : रिकामा.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. डेटाबेस आम्हाला स्पष्ट सांगत होता की ‘क्रमांक नाही’ आणि ‘क्रमांक रिकामा आहे’ या दोन गोष्टी आहेत. आम्ही काय केलं? आभा क्रमांकाचा सेटर तेवढा वगळला आणि पुढे गेलो. उरलेल्या २२ प्रॉपर्टींत असाच फरक आणखी कुठे आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरला असता.

शुक्रवारी सकाळी नवी आवृत्ती लागली. नव्या नोंदी सुरळीत झाल्या, पण शिबिरांतल्या जुन्या नोंदी उघडल्या की क्रॅश तसाच. आम्ही चक्रावलो : सेटरमध्ये तर नल अडवला आहे! कारण शोधायला दुपार गेली. डेटाबेस आणि ऑब्जेक्ट यांच्यात ने-आण करणारी ईएफ कोअर ही लायब्ररी. ती डेटाबेसमधली ओळ वाचून ऑब्जेक्ट भरते तेव्हा प्रॉपर्टीमागचं प्रायव्हेट फील्ड (किंमत प्रत्यक्ष जिथे राहते ती आतली जागा) नावावरून ओळखते आणि डिफॉल्टने थेट त्या फील्डमध्ये किंमत ठेवते. सेटर चालतच नाही. सुरुवातीला दिलेली रिकामी स्ट्रिंगही डेटाबेसमधल्या नलने पुसली जाते. सेटरमध्ये नियम लिहून ‘आता या क्लासमध्ये नल येऊच शकत नाही’ असं समजणाऱ्या प्रत्येकाने एकदा हे स्वतः करून पाहावं. ईएफला सेटर वापरायला सांगता येतं, पण तसं वेगळं सांगावं लागतं.

आम्ही ते सांगितलं नाही. शुक्रवारी रात्री सोपा वाटला तो उपाय केला : डेटाबेसवर थेट अपडेट चालवून २२ कॉलममधल्या सगळ्या नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग लिहिली. त्याआधी पूर्ण बॅकअप घेतला होता. तेवढी एक सवय मात्र कामी आली.

सिस्टरचा फोन

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास इंजेक्शन रूममधल्या सिस्टरचा फोन थेट मला आला. एका बाईंना इंजेक्शन द्यायचं होतं. केस पेपरवर ‘ॲलर्जी : नाही’ असं छापलेलं. सिस्टर कागदावर विसंबत नाहीत, तोंडी विचारतातच. सोबत आलेल्या मुलीने सांगितलं की मागच्या वर्षी गावच्या डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा आईच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या. इंजेक्शन थांबलं.

सिस्टरचा प्रश्न साधा होता. ‘सर, खिडकीवर कोणी विचारलंच नव्हतं म्हणते ती पोरगी. मंग कागदावर “नाही” काहून छापून आलं?’

मी कोड उघडला तेव्हा उत्तर दोन मिनिटांत सापडलं. जुन्या सॉफ्टवेअरच्या त्या अनोळखी लेखकाने ॲलर्जीच्या बाबतीत विचार करून नल वापरला होता. खिडकीवरच्या माणसाने ‘ॲलर्जी नाही’ या चौकटीत खूण केली तर रिकामी स्ट्रिंग जायची आणि कागदावर ‘नाही’ छापलं जायचं. रकान्याला हातच लावला नाही तर नल जायचा आणि कागदावर टिंबांची ओळ यायची, म्हणजे सिस्टरने पेनने भरायची जागा. आम्ही हा भाग उतरवला होता आणि बरोबर उतरवला होता. नंतर सेटरने आणि अपडेटने त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली. ज्यांना कोणी काहीच विचारलं नव्हतं, त्या सगळ्यांच्या वतीने आमच्या कोडने ‘नाही’ असं उत्तर देऊन टाकलं होतं.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला आणि २००९ साली तीच आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं म्हटलं. आम्ही सगळे त्या वाक्यावर वाढलो आहोत. नल दिसला की तो घालवायचा, हे हातात मुरलं आहे. इथे मात्र नल हीच खरी माहिती होती आणि ती आम्ही स्वच्छतेच्या नावाखाली पुसली. क्रॅश झालेला प्रोग्राम निदान थांबतो. खोटं उत्तर छापणारा प्रोग्राम चालत राहतो आणि सगळ्यांना वाटतं दुरुस्त झाला.

तातडीने काय केलं

सांगायचं की गुपचूप दुरुस्त करायचं, हा प्रश्न टीममध्ये उघडपणे कोणी विचारला नाही, पण खोलीत तो होता. कोणालाही इजा झाली नव्हती. मी पंधरा मिनिटांत रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘असे किती कागद बाहेर गेले?’ त्या प्रश्नावरून पुढच्या कामाचा क्रम ठरला. आधी कागद, मग डेटा, कोड सगळ्यात शेवटी.

अर्ध्या तासात छपाईत बदल करून ॲलर्जी, चालू औषधं आणि आधीचं ऑपरेशन या तिन्ही जागी सगळ्यांसाठीच टिंबांची ओळ आणली. मग शुक्रवार, शनिवार, सोमवार आणि मंगळवार सकाळ, अशा साडेतीन दिवसांच्या ओपीडीत छापलेल्या केस पेपरची यादी काढली. रेकॉर्ड रूममधले कागद काढून सिस्टर आणि नोंदणीच्या ताईंनी पेनने ‘नाही’ खोडलं. जे कागद रुग्णांसोबत घरी गेले होते, त्यांना मोबाइल असेल तर फोन केला. मोबाइल नसलेल्यांच्या फाइलवर लाल खूण केली, पुढच्या भेटीत आधी विचारायचं म्हणून.

डेटाचं काम संध्याकाळी हाती घेतलं. शुक्रवारचा बॅकअप वेगळ्या नावाने उघडला आणि नोंदणी क्रमांकावरून ओळी जुळवल्या. बॅकअपमध्ये नल आणि आता रिकामं असेल, तर परत नल. बॅकअपमध्येही रिकामं असेल आणि शुक्रवार सकाळपासून ओळीला कोणी हात लावला नसेल, तर ते खरंच ‘नाही’ होतं, तसंच ठेवलं. अडचण उरली ती त्या साडेतीन दिवसांत नव्याने टाकलेल्या किंवा बदललेल्या नोंदींची. खूण केलेले आणि न केलेले, दोन्ही रिकामे. वेगळे करायला काहीही आधार नव्हता.

एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की ताई बहुतेक वेळा विचारतातच, म्हणून ‘नाही’ ठेवावं. दुसरं मत, सगळे नल करावे. आम्ही दुसरं मत मानलं. ‘नाही’ चुकीचं ठरलं तर कोणाच्या तरी अंगावर बेतेल, आणि ‘विचारलं नाही’ चुकीचं ठरलं तर सिस्टरला एक प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. दोन्हीकडच्या चुकीची किंमत मांडली की वाद उरला नाही.

टेबलावर केस पेपर ठेवून

शनिवारी ओपीडी संपल्यावर आम्ही रुग्णालयातच बसलो. सिस्टर, नोंदणीच्या दोन ताई, रेकॉर्ड रूमचे भाऊ आणि आम्ही तिघं. मध्ये कोरा केस पेपर. एकेका रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न : ‘हे रिकामं असेल तर तुम्ही त्याचा काय अर्थ घेता?’

मधल्या नावाबद्दल ताई म्हणाली, ‘काहीच नाही जी, नसते काहीकाहींना.’ बालाघाट-छिंदवाड्याकडचे लोक वडिलांचं नाव मधे लावत नाहीत. लग्न झालेल्या बायका कधी वडिलांचं सांगतात, कधी नवऱ्याचं. रिकामं म्हणजे रिकामं. विचारलं नाही की नाहीच आहे, याने कोणाचं काही अडत नाही.

आडनावाला मात्र आम्ही सक्तीचं केलं होतं. भामरागडकडून येणाऱ्या काही जणांनी एकच नाव सांगितलं, तर ताई काय करायच्या? ‘टिंब देऊन देतो मंग. नाही तं मशीन पुढेच नाही जात.’ डेटा पाहिला. टिंब, आडवी रेघ, एन ए, तीन स्पेस, सगळं होतं. स्पेस पकडायला इज-नल-ऑर-व्हाइटस्पेस ही मेथड आहे, पण टिंब तिच्या दृष्टीने सभ्य आडनाव आहे. आमच्या सक्तीने रिकामेपणा गेला नव्हता, त्याने वेश बदलला होता. माझ्या मते सक्तीचा प्रत्येक रकाना लावण्याआधी खिडकीवर एक दिवस उभं राहिलं पाहिजे.

दीड तासात २३ प्रॉपर्टी तीन ढिगांत पडल्या. पहिल्या नावाशिवाय नोंद होऊच शकत नाही. मधलं नाव, आडनाव, पत्त्याच्या ओळी यांसारख्या बहुतेकांत नल आणि रिकामं यांत फरक नाही. आणि चार ठिकाणी फरक जीवन-मरणाचा आहे : ॲलर्जी, चालू औषधं, आधीचं ऑपरेशन, रक्तगट. आभा क्रमांक आणि मोबाइल यांचं थोडं वेगळं. ते असतात किंवा नसतात. नसले तर नलच राहू द्यायचे, कारण ‘रिकामा क्रमांक’ असं काही नसतं.

कोडमध्ये काय बदललं

ज्या चार जागी फरक महत्त्वाचा, तिथून स्ट्रिंग काढली. त्याऐवजी ‘विचारणा’ नावाचा छोटा क्लास केला. त्याच्या तीनच अवस्था : विचारलं नाही, नाही, आहे. बाहेरून कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) वापरता येत नाही. तीन स्टॅटिक मेथडपैकी (ऑब्जेक्टवर नव्हे, क्लासवरच चालणाऱ्या) एकीनेच तो ऑब्जेक्ट मिळतो. ‘आहे’ म्हणायचं तर मजकूर द्यावाच लागतो, रिकामा दिला तर तिथेच एक्सेप्शन, म्हणजे चूक दाखवून थांबणं. छपाईच्या कोडला आता तिन्ही अवस्था हाताळाव्याच लागतात. ती जावावाली सहकारी गुरुवारी हेच सांगत होती. हा क्लास तिनेच लिहिला.

दुसऱ्या ढिगासाठी प्रॉपर्टी साध्या स्ट्रिंग, सुरुवातीला रिकाम्या, आणि नलेबल सोय चालू. इथे क्रम महत्त्वाचा आहे. डेटाबेसमध्ये नल शिल्लक असताना क्लासमध्ये प्रश्नचिन्ह काढलं, तर ईएफ कोअर ती ओळ वाचतानाच ‘डेटा इज नल’ म्हणून थांबतं. म्हणून आधी त्या कॉलममधले नल रिकामे केले, मग कॉलम नॉट नल केला, मग क्लास. या वेळी अपडेट ढिगातल्या प्रत्येक कॉलमसाठी वेगळं लिहिलं आणि ते कोणी मान्य केलं हे शेजारी नोंदवलं.

नलेबल चालू केल्यावर आणखी एक खड्डा लागला, सुदैवाने आमच्याच टेबलावर. एएसपी डॉट नेट कोअर प्रश्नचिन्ह नसलेली स्ट्रिंग प्रॉपर्टी आपोआप ‘आवश्यक’ धरतं. फॉर्ममधली रिकामी चौकट तर नल होऊनच येते. परिणाम : मधलं नाव नसलेल्या रुग्णाला फॉर्म परत पाठवू लागला. ताईंनी तिथेही टिंब दिलं असतं. हे डिफॉल्ट बंद करता येतं, पण आम्ही तसं केलं नाही. फॉर्मसाठी वेगळा क्लास केला, ज्यात सगळ्या स्ट्रिंग प्रश्नचिन्हवाल्या, कारण बाहेरून काहीही येऊ शकतं. त्यातून ‘रुग्ण’ ऑब्जेक्ट एकाच जागी तयार होतो आणि नलचं काय करायचं हे तिथेच ठरतं. कोड थोडा वाढला. ती वाढ मला मान्य आहे.

नलेबलच्या इशाऱ्यांवर विसंबण्यालाही मर्यादा आहे. ती तपासणी कंपाइल करतानाची. रिफ्लेक्शनने (चालत्या प्रोग्रामने क्लासच्या आत डोकावून किंमत भरणं) किंवा जेसनमधून (डेटा पाठवायचा मजकुराचा नमुना) आलेला नल प्रोग्राम चालताना तिला जुमानत नाही. म्हणून एक टेस्ट लिहिली : प्रत्येक स्ट्रिंग प्रॉपर्टीत आळीपाळीने नल, रिकामं, तीन स्पेस आणि टिंब टाकायचं, केस पेपर छापायचा, आणि कुठेही न विचारलेलं उत्तर येत नाही ना ते पाहायचं. इशारा गप्प करणारं उद्गारचिन्ह शेजारी कारण लिहिल्याशिवाय वापरायचं नाही, हा नियमही तेव्हाच केला.

डेटाबेसमध्ये ॲलर्जीसाठी अवस्थेचा एक कॉलम आला आणि मजकुराचा वेगळा. अवस्था ‘आहे’ असेल तर मजकूर हवाच, अशी चेक अट घातली. पहिल्या प्रयत्नात फक्त ‘मजकुराची लांबी शून्यापेक्षा जास्त’ एवढंच लिहिलं होतं. नल मजकूर टाकून पाहिला तर ओळ आत गेली. चेक अट उत्तर ‘खोटं’ आलं तरच अडवते. नलची लांबी ‘अज्ञात’, आणि अज्ञाताला ती वाट देते. ‘मजकूर नल नाही’ हे वेगळं लिहावं लागलं. आजींच्या तीन क्रमांकांमागे जो अज्ञात होता, तोच इथे उलट दिशेने भेटला.

परिणाम

क्रॅश थांबले. आजींचे तीन क्रमांक रेकॉर्ड रूमच्या भाऊंनी एकत्र केले आणि तशा आणखी काही दुबार नोंदी सापडल्या, त्याही जुळवल्या. केस पेपरवर आता टिंबांची ओळ पूर्वीपेक्षा जास्त दिसते. प्रमुख डॉक्टरांना आधी ते खटकलं. महिनाभरानंतर सिस्टरांनीच सुचवलं की टिंबांऐवजी ‘विचारायचे आहे’ असं ठळक छापा, म्हणजे डोळा चुकणार नाही. ते केलं. बदल एका ओळीचा होता, कारण ती अवस्था आता कोडमध्ये नावानिशी होती.

काय वेगळं करता आलं असतं

जुनं सॉफ्टवेअर हाती घेताना आम्ही टेबल आणि कॉलमची यादी केली होती. प्रत्येक कॉलममध्ये नल किती, रिकामे किती, हे एका क्वेरीत दिसलं असतं. ॲलर्जीच्या कॉलममध्ये दोन्ही भरपूर होते. एकाच कॉलममध्ये दोन्ही सापडले की एकतर तिथे गोंधळ आहे किंवा कोणाचा तरी हेतू आहे, आणि दोन्हीसाठी थांबायला हवं. आता आमचं पहिल्या दिवसाचं काम हेच असतं.

क्रॅश थांबवण्याची घाई चुकीची नव्हती. रांग खरी होती. पण त्यासाठी फक्त पर्चीच्या कोडमध्ये तात्पुरती तपासणी घालून शनिवार-रविवार मिळवता आला असता. परत फिरता येईल असा उपाय हाताशी होता, आणि आम्ही डेटाच बदलणारा उपाय घेतला. शुक्रवारी रात्री अपडेट चालवण्याआधी सिस्टरांना एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

आभा क्रमांकावरचा अडथळा आम्ही अडचण म्हणून ओलांडला, ती सूचना होती. आता टीममध्ये ठरलं आहे की एखादा नियम सगळ्यांना लावताना एक जरी अपवाद करावा लागला, तर नियम लावणं थांबवून उरलेल्यांकडे एकेक करून पाहायचं.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. आडनावातली टिंबं आम्ही एकगठ्ठा काढलेली नाहीत. त्यातली काही माणसं खरोखर एकाच नावाची आहेत, काहींचं आडनाव घाईत लिहायचं राहिलं आहे, आणि डेटाकडे पाहून हे कळत नाही. अशी नोंद उघडली की पडद्यावर एक पिवळी पट्टी येते. ताई समोरच्या माणसाला विचारतात आणि मगच टिंब पुसतात.